‘असू दे’चे दोन अर्थ

“असू दे,” आक्का म्हणायची आणि ती वस्तू आत जायची.

आत म्हणजे कुठे, ते तिचं तिलाच ठाऊक. मिठाईच्या खोक्याची दोरी, औषधाची रिकामी बाटली, लग्नपत्रिकेचा कोरा भाग, मागावरून तुटलेलं वीतभर सूत. हाती आलेली वस्तू ती आधी उजेडाकडे धरायची, उलटीसुलटी करून बघायची, अंगठ्यानं पुसायची आणि स्वतःशीच म्हणायची, “असू दे.” म्हणजे ठेव. टाकू नकोस. कधीतरी लागेल.

तिचा नवराही दिवसातून वीसदा “असू दे” म्हणायचा. चहावाला सुट्टे परत द्यायला लागला, की आण्णा माशी हाकलावी तसा हात हवेत उडवायचे. “असू दे रं, असू दे.” म्हणजे जाऊ दे. सोड. एवढ्यातेवढ्यासाठी काय थांबायचं!

एकाच घरात, एकाच शेगडीपाशी एकच शब्द दोन उलट्या वाटांनी चालायचा. तुमच्याही गल्लीत असं एखादं जोडपं असेल. एकाची मूठ झाकलेली, एकाची उघडी. आपण बघणारे लगेच ठरवून टाकतो, ही चिक्कू आणि तो उधळ्या. मीही ठरवलं होतं. तेव्हा मला ठरवायची फार घाई असायची.

मी निपाणीची. वडिलांचा तिथे छोटा छापखाना. तंबाखूच्या वखारीतल्या बायकांच्या मजुरीपासून सीमाभागातल्या मराठी पाट्यांपर्यंत सगळ्याची पत्रकं तिथे छापली जात आणि त्यातली अर्धी वडील स्वतःच लिहीत. मी वाचायला शिकले ती पत्रकांवर. त्यामुळे माझ्या डोक्यात वाक्यं अजूनही उद्गारचिन्हासकट येतात. एका झेरॉक्स-डीटीपीच्या दुकानात नोकरी लागली म्हणून बेळगावात आले आणि तिथल्याच वडगाव भागात आक्काच्या समोरची खोली भाड्यानं घेतली. दाराला दार होतं. तिचं दार उघडलं, की आधी माग दिसायचा, मग आक्का, मग घर.

माग आक्काचा होता. हे गल्लीत सगळ्यांना माहीत होतं, आण्णांना सगळ्यांत जास्त. आण्णा उद्यमबागेत एका फौंड्रीत साचे करायचे. त्यांच्या पगारात घर चालायचं. मागाच्या मजुरीला मात्र हात लावायचा नाही, असा त्यांचा करार. किती वर्षं भिशी भरून आक्कानं शहापुरातल्या एका विणकराकडून तो जुना पॉवरलूम घेतला होता. तो घरात आला त्या दिवशी आण्णांनी गल्लीभर पेढे वाटले. माग तिच्या पैशाचा, पेढे त्यांच्या पैशाचे. पेढ्यांची खोकी अर्थात आक्कानं आत ठेवली.

“घरात कोण माझं ऐकत असंल, तर ते ह्याच्या आवाजामुळं,” ती मागाच्या खडखडाटात ओरडून मला सांगायची.

मीही ओरडून सांगायची, “आक्का, तू उत्पादनाच्या साधनाची मालकीण आहेस!”

“कसली मालकीण गं! तेल घालून घालून कंबर मोडली.”

आक्काला मी ‘अगं’ म्हणायची आणि आण्णांना ‘अहो’. ही विषमता माझ्या लक्षात आली होती. पण आक्काला एकदा ‘अहो आक्का’ म्हणून पाहिलं, तर तिनं माझ्या कपाळाला हात लावून ताप आहे का ते बघितलं.

एकदा आण्णा सहा कलिंगडं घेऊन आले. घरात माणसं दोन. मूलबाळ नव्हतं आणि त्याबद्दल दोघं कधी बोलत नसत.

“सहा?” आक्का उंबऱ्यातच उभी.

“त्येची गाडी रिकामी व्हायची हुती. घरला जायचा हुता बिचारा.”

“मग तुमी त्येला घरला पोचवून आलासा.”

“व्हय की!”

दुपारी गल्लीतल्या सगळ्यांनी कलिंगड खाल्लं. आक्कानं साली गोळा केल्या. चार दिवस त्या घरात सालींची भाजी होती. बिया तिनं धुऊन, पत्र्यावर वाळवून, मीठ लावून भाजल्या आणि डबा भरून ठेवला. आठवड्यानं डबा रिकामा. आण्णांनी तो फौंड्रीत नेऊन सगळ्यांना वाटला होता.

“आक्का, तुला राग नाही येत?” मी विचारलं.

“येतोय की. रोज सकाळी येतोय. पर ह्यांच्या तोंडाकडं बघितलं, की कुठं ठेवावा कळत न्हाय.” मग हसून म्हणाली, “ह्येंच्या हातात पैसा ऱ्हात न्हाय, माझ्या हातातनं सुटत न्हाय. दोघांचं मिळून एक शाणं माणूस हुतंय बघ.”

ते शहाणं माणूस एकदाच चुकलं. पण असं चुकलं, की गल्ली अजून सांगते.

मागांना काम मिळेनासं झालं होतं. साडीला उठाव नाही, साड्या विणून घेणारे मालक सूत देईनात. एकेका घरातला माग भंगारात जायला लागला. भंगारवाले टेम्पो घेऊन गल्लीत फिरायचे आणि लोखंडाच्या वजनानं माग उचलायचे. आक्काचा माग आठवड्यातले तीन दिवस गप्प असायचा. तरी ती रोज त्याला पुसायची, तेल द्यायची.

त्या दिवशी आक्का माहेरी, काकतीला, भाचीच्या मुलीच्या बारशाला गेली होती. आण्णांना सुट्टी होती. टेम्पो दारात थांबला. भंगारवाल्यानं बरा भाव सांगितला. आण्णांनी प्रामाणिकपणे आक्काला फोन लावला, स्पीकरवर. मी माझ्या दारातून ऐकत होते.

“अगं, मागाला गिऱ्हाईक आलंय. भाव बरा सांगतोय. काय करू?”

पलीकडे बारशाचा गलबला. बायकांचं गाणं चाललेलं. त्यातून आक्कानं एवढंच म्हटलं, “असू दे.” आणि फोन ठेवला.

पुढचं तुम्हांला कळलंच असेल. तिनं तिचं ‘असू दे’ म्हटलं आणि आण्णांनी त्यांचं ऐकलं. दोन तासांत माग सुटा होऊन टेम्पोत चढला. मी हे बघत होते आणि मलाही वाटलं, आक्कानं होकार दिला.

आण्णांच्या खिशात आता मागाचे पैसे होते आणि आण्णांच्या खिशात पैसे बसून राहत नाहीत. ते थेट बाजारात गेले. आक्का चार वाजताच्या बसनं परत आली, तेव्हा मागाच्या जागी निळा, चकचकीत फ्रीज उभा होता. वर हार घातलेला. आण्णा बाजूला नवरदेवाच्या मामासारखे उभे.

आक्कानं पिशवी खाली ठेवली नाही.

“हितं माग हुता,” ती म्हणाली.

“दिला की. तूच म्हणालीस, असू दे.”

“असू दे म्हंजे असू दे!”

“मग मी तेच केलं की!”

“आवं, असू दे म्हंजे... असू दे की वो!”

आण्णांचा चेहरा हळूहळू उतरला. एकाच शब्दाला दोन तोंडं आहेत हे इतक्या वर्षांत दोघांच्याही ध्यानात आलं नव्हतं. आक्का मागाच्या जागी, जिथे फरशीवर तेलाचे काळे डाग होते तिथे, भिंतीला टेकून बसली. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती बसून राहिली आणि घरात कसलाच आवाज नव्हता.

दुसऱ्या दिवशी आण्णा फौंड्रीला दांडी मारून माग शोधायला गेले. कंग्राळीकडच्या एका वखारीत तो सापडला, पण घणानं फोडलेला. आण्णांना त्याचा एक भाग ओळखू आला म्हणे, कारण तिथे आक्कानं लाल दोरा बांधलेला होता. लोखंड फौंड्रीत जाणार होतं. कुठल्या फौंड्रीत, ते त्यांनी विचारलं नाही. परत आले, दारात बसले आणि बराच वेळ चपलाच काढेनात.

फ्रीजवाला फ्रीज परत घेईना. आक्कानं त्याची वायर गुंडाळून ठेवली. “करंट खातंय,” म्हणाली. त्यात तिनं पापड, वाळवणं आणि उरलेलं सूत भरलं. उंदीर लागत नाहीत एवढा फायदा तिनं कबूल केला.

मी मात्र पेटले होते. जिनं वर्षानुवर्षं भिशी भरली तिचं साधन तिच्या पाठीमागे भंगारात! मी दुकानात बसून एक पत्रक लिहिलं. मथळा होता, ‘बाईच्या मागाचा लिलाव!’ नाव कुणाचंच नव्हतं. दोनशे प्रती काढल्या आणि रविवारी वाटायच्या म्हणून खोलीच्या दारात ठेवल्या. आक्का काहीतरी द्यायला आली, तिनं वरचा कागद उचलला आणि बोट ठेवून शेवटपर्यंत वाचला.

“हे आमचंच न्हवं?”

“नाव नाही घातलं, आक्का.”

“नाव कशाला पायजे? वडगावात माग इकून फ्रीज आणलेला दुसरा कोण हाय?” तिनं कागद खाली ठेवला नाही. “ह्यात ते चोर दिसत्यात. ते चोर न्हाईत. त्येंनी इचारलं, मी सांगितलं. दोघांचं कान आपापल्या जागी हुतं. शब्दच वाकडा निघाला.”

“पण माग तुझा होता ना?”

“माझाच हुता. म्हणून भांडायचंबी मीच. तू न्हाय.”

दोनशेच्या दोनशे प्रती उचलून ती घेऊन गेली. मला वाटलं जाळणार. पण महिन्याभरानं कोपऱ्यावरच्या दुकानात शेंगदाणे घेतले, तर पुडीवर माझाच मथळा. आक्कानं सगळ्या पत्रकांच्या पुड्या करून दुकानदाराला विकल्या होत्या. मी वडिलांना फोनवर सांगितलं, तर ते इतके हसले, की त्यांना ठसका लागला. “पोरी, माझ्या कुठल्याच पत्रकाचा एवढा उपयोग झाला नाही,” म्हणाले.

आक्का दुसऱ्याच्या मागावर मजुरीनं जायला लागली. नवा माग घ्यायचा म्हणून तिनं पुन्हा भिशी लावली. आणि आण्णांनी प्रायश्चित्त सुरू केलं. त्यांनी चहा सोडला. दुसऱ्याला पाजायचाही सोडला. मोटारसायकल दाराशी ठेवून बसनं जायला लागले. कंडक्टरकडे दोन रुपये परत मागताना मी त्यांना पाहिलं. हात पुढे होता आणि मान खाली. गल्लीतलं कुणीतरी गेल्यासारखं वाटत होतं. साचवलेले पैसे ते आठवड्याला आक्कापुढे ठेवायचे आणि ती ते न बघता आत ठेवायची.

असं दोनेक महिने चाललं. एका रविवारी सकाळी आक्कानं त्यांना दारातच अडवलं. मी दात घासत होते.

“हे घ्या,” तिनं त्यांच्या हातात नोट कोंबली. “कट्ट्यावर जाऊन लोकास्नी च्या पाजून या.”

“नको.”

“नको म्हंजे?”

“नको म्हंजे नको. तुझा माग यायचाय.”

“माग यील तवा यील. च्या न पाजणारा नवरा मला ब्याड.”

कानडीत ‘ब्याड’ म्हणजे नको आणि ‘बेकु’ म्हणजे हवं, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. पण आक्काच्या तोंडून तो शब्द असा निघाला, की आण्णा थबकले आणि मग कितीतरी दिवसांनी हसले.

त्या दिवसापासून त्या घरात नियम झाला. पैशाची गोष्ट निघाली, की उत्तर कानडीत. बेकु किंवा ब्याड. तिसरा शब्द नाही.

मी भाषेच्या पत्रकांवर वाढलेली. मला हे झोंबलं. “आक्का, मराठीत ‘पाहिजे’ आणि ‘नको’ नाहीत का?”

“हाईत की. पर ह्येंच्यासंगं चालत न्हाईत. ह्येंनी आजवर कुणाचा ‘नको’ ऐकलाय? माणूस नको नको म्हणतंय आणि हे कप हातात देत्यात. आपल्यात नको म्हंजे अर्धा हो असतोय गं. मानपान असतोय त्यात. मी बाजार शिकले कानडीत. भाजीवालीला ब्याड म्हटलं, की ती दुसरं गिऱ्हाईक बघती. इषय संपला.”



मग ते ऐकायला मजा यायची. “कुकरला नवं झाकण?” “ब्याड.” “गावच्या जत्रंला वर्गणी?” “बेकु, पर अर्धी.” “अर्धी आपल्या नियमात न्हाय!” “मग ब्याड.” “बरं बरं, अर्धी!” आण्णा चहा पाजायला परत लागले. त्यासाठी आठवड्याची रक्कम आक्काच द्यायची. तिच्यासाठी मात्र आण्णा काहीही विचारोत, साडी, चप्पल, चष्मा, आक्काचं उत्तर ठरलेलं. ब्याड. तिच्या तोंडून स्वतःसाठी ‘बेकु’ मी तोवर एकदाही ऐकलं नव्हतं.

आक्का आता नाही. गेल्या श्रावणात ती गेली. पण तो दिवस मला लिहायचा नाही. त्याच्या दोन-अडीच वर्षं आधीचा एक दिवस लिहायचा आहे.

छातीतली गाठ तिनं वर्षभर कुणाला सांगितली नव्हती. दवाखान्याला पैसे लागतात, म्हणून तिनं तीही आत ठेवून दिली होती. कळलं तेव्हा आण्णा तिला बेळगावातल्या मोठ्या दवाखान्यात घेऊन गेले. फॉर्म भरायला मी बरोबर. डॉक्टरीण बाईंनी नीट सांगितलं. ऑपरेशन, मग इंजेक्शनं, मग तपासण्या. उपाय केला तर वेळ मिळेल, किती ते आज सांगता येणार नाही. सरकारी कार्डावर काही भागेल, सगळं नाही. बाहेर जाऊन ठरवा, म्हणाल्या.

बाहेर व्हरांड्यात लांब बाक होता. आक्का त्यावर पिशवी मांडीवर घेऊन बसली. मी तिच्या शेजारी. आण्णा चपला काढून तिच्यासमोर फरशीवरच बसले. सकाळचे अकरा वाजले असतील. समोरच्या खिडकीवर पैसे भरायची रांग होती.

भिशी नुकतीच फुटली होती. नव्या मागाचे पैसे तयार होते. तेवढ्यातच हे भागणार होतं.

“मागाचं पैसं हाईत,” आण्णा म्हणाले. “त्येला मी न इचारता हात लावणार न्हाय. एकदा लावला. आता न्हाय. तू सांग. बेकु का ब्याड?”

आक्का पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत राहिली.

“लई खर्च हाय वो.”

“ते इचारलं न्हाय मी.”

“तुमच्या म्हातारपणाला काय उरणार? तुमच्याजवळ तर पैसा...”

“तेबी इचारलं न्हाय.”

माझ्या तोंडात वाक्यं तयार होती. बाईचं आयुष्य, बाईची किंमत, सगळी. आयुष्यात एकदा मी ती गिळली. भांडायचं तिचं तिला होतं, मग मागायचंही तिचं तिलाच. आणि मला भीती वाटत होती. आण्णांनाही. ती ‘ब्याड’ म्हणाली असती, तर त्या माणसानं तो शब्द मोडला नसता. नियम तिच्यासाठीच तर केला होता.

रांगेतल्या कुणाचं तरी नाव पुकारलं गेलं. आक्कानं बंद सोडला. तिच्या बोटांच्या पेरांवर सुतानं पडलेल्या बारीक खाचा होत्या, त्यांच्याकडे ती बघत होती.

“बेकु,” ती म्हणाली. इतकं हळू, की आण्णांनी कान पुढे केला.

मग मान वर करून, सगळ्या व्हरांड्याला ऐकू जाईल एवढ्यानं, थोडी चिडूनच म्हणाली, “मला बेकु.”

आण्णा उठले ते पळतच सुटले. रांगेत घुसले, कुणाला तरी ढकललं, कुणाची तरी बोलणी खाल्ली, आणि खिडकीच्या जाळीवर दोन्ही हात ठेवून उभे राहिले, जणू खिडकी बंदच होणार होती. अनवाणी होते. त्यांच्या चपला बाकापाशी राहिल्या होत्या, एक सरळ, एक पालथी.

आक्कानं पिशवी बाजूला ठेवली. वाकून पालथी चप्पल सरळ केली, दुसरीशेजारी लावली. मग काय वाटलं कुणास ठाऊक, तिनं दोन्ही उचलून पदरात घेतल्या.

“बघ की गं,” मला म्हणाली, “माणूस कसा पळालाय.” आणि ती हसायला लागली. हसता हसता डोळे पुसायला तिचा हात मोकळा नव्हता.